साथ, शीव आणि परदेशस्थ विद्यार्थी

कामठ्याच्या वेशीत उभे राहिले म्हणजे तीन रस्ते दिसतात. निदान इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला तरी ते दिसतात. पहिला रस्ता फौजेचा. १८१८ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य डळमळले, आप्पासाहेब पदच्युत झाले, आणि त्या धामधुमीत कामठ्याच्या चिमणा पटेलाने बंड उभारले. ते मोडण्यासाठी कॅप्टन गॉर्डनची फौज चालून आली आणि तिने कामठा घेतला. दुसरा रस्ता लोखंडाचा. गोंदिया हे बंगाल-नागपूर रेल्वेवरचे मोठे जंक्शन झाले, विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे जाणारा छोट्या रुळांचा फाटा त्याला मिळाला, आणि धानाच्या या मुलुखाचा मुंबईशी आणि कलकत्त्याशी रोजचा संबंध जडला. तिसरा रस्ता आकाशातला. जवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी बांधली. अलीकडच्या वर्षांत वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींची छोटी विमाने तिच्यावरून उठून घिरट्या घालीत आली आहेत.

या तिन्ही रस्त्यांनी माल आला, माणसे आली, विद्या आली. त्यांनीच साथीही आल्या. आजच्या व्याख्यानात मला बोलावयाचे आहे ते तिसऱ्या रस्त्याने घरी परतणाऱ्या एका प्रवाशाविषयी. हा प्रवासी सैनिक नाही, व्यापारी नाही. तो विद्यार्थी आहे. आईबापांनी शेत गहाण टाकून किंवा भविष्यनिधी मोडून त्याला समुद्रापलीकडे शिकावयास धाडले आहे. २०२० साली साऱ्या जगाला घेरणारी साथ भारतात प्रथम ज्या तिघांच्या अंगातून सापडली, ते तिघेही वैद्यकाचे विद्यार्थी होते आणि तिघेही चीनमधील वूहान शहरातून परतले होते. साथीचे ज्ञान ज्याला सर्वांत आधी झाले, तोच साथीचा पहिला वाहकही ठरला. या योगायोगात पुष्कळ इतिहास दडलेला आहे, आणि तो पाहावयाचा तर थोडे मागे जाणे भाग आहे.

१८१७ च्या ऑगस्टात बंगालमधील जेसोरकडे पटकीचा जो उद्रेक झाला, त्यापासून पहिल्या जागतिक पटकीचा हिशेब धरतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली आणि फौजेपेक्षाही फौजेबरोबर फिरणाऱ्या बाजारबुणग्यांना तिने अधिक झोडपले. पुढल्या वर्षी ती नागपुरास पोहोचली आणि पावसाळ्यात पुणे-मुंबईपर्यंत गेली. म्हणजे कॅप्टन गॉर्डन कामठा घेत होता त्या सालीच पटकीही या प्रांतातून फौजांच्या वाटेने चालत होती. रोग पाण्यातून येतो हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ते दाखवून दिले १८५४ साली, आणि कॉख यांनी कलकत्त्यास पटकीचा जंतू ओळखला तो १८८४ साली. तेव्हा १८१८ मधल्या माणसाला प्रतिबंधक आचरण म्हणून ठाऊक होते ते दोनच मार्ग. एक गाव सोडून रानात जाणे. दुसरा मरीआईचा गाडा.

गाड्याची चाल आपणांपैकी वडीलधाऱ्यांना ऐकून तरी माहीत असेल. गावात पटकी आली की मरीआईची पूजा बांधायची, तिला गाड्यात बसवायची आणि वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायची. पलीकडच्या गावाने तो गाडा पुन्हा आपल्या शिवेबाहेर न्यायचा. श्रद्धेची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. भयग्रस्त माणसाला काहीतरी करावेसे वाटते, आणि करण्यासारखे दुसरे काही त्याच्या हाती नव्हते. तथापि या चालीत एक गोष्ट स्पष्ट आहे. रोग बरा करणे हा त्या गाड्याचा उद्देश नसे, तो दुसऱ्याच्या शिवेत ढकलणे एवढाच असे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे शास्त्र आले, कायदे आले, आगगाड्या आणि विमाने आली, तरी हा गाडा काही थांबला नाही.

प्लेगचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. १८९४ साली हाँगकाँगला येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला आणि १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तोच रोग ओळखला. त्यानंतर मुंबईचे लोक मिळेल त्या गाडीने बाहेर पडले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. चार कलमांचा हा चिमुकला कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात पुन्हा लावण्यात आला. इतके दीर्घायुष्य पुष्कळ राज्यघटनांनाही लाभलेले नाही. पुण्यास रँडसाहेबांच्या अमलाखाली १८९७ च्या मार्चपासून गोरे सोल्जर घराघरांत शिरू लागले. रोगी इस्पितळात, घरची माणसे छावणीत, सामानसुमान जाळावयास, असा तो खाक्या होता. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरे रंगविली जात.

याचा परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपविले. प्लेग स्पर्शाने किंवा उंदरांच्या संगतीने येतो, आजाऱ्याला वेगळे ठेवले पाहिजे, हे शहाण्या माणसांना तेव्हाही कळत होते. प्लेग लागला की गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहण्याची रीत तर खेड्यापाड्यांतून रूढच झाली, आणि ती शास्त्राला धरूनच होती, कारण उंदीर गावातच राहत. पण ताप आला असे सांगणे म्हणजे आपल्या बायकोला आणि आईला शिपायांच्या हवाली करणे, असे ज्याला वाटत होते, तो कसा सांगणार? पंडिता रमाबाई स्वतः इंग्लंडात शिकून आलेल्या. त्यांनी १८९७ च्या मे महिन्यात मुंबईच्या एका पत्रातून पुण्याच्या प्लेग इस्पितळातील तरुण मुलींच्या हालांना वाचा फोडली. त्या मुलींत त्यांच्या शाळेतली मुलगीही होती. ही तक्रार करणारी बाई शास्त्राची शत्रू नव्हती. तिला वेगळे ठेवणे नको होते असे नाही. वेगळे ठेवताना माणसाची अब्रू राखावी इतकेच तिचे म्हणणे होते. हे म्हणणे त्या वेळी ऐकले गेले नाही आणि त्याची किंमत सरकार व प्रजा दोघांनीही मोजली. रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली ती त्याच वर्षीच्या २२ जूनला.

आता या कथेत एक परदेशस्थ विद्यार्थी येतो. तो आपला नाही, पण त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वू लिएन-ते हा पेनांग बेटावर जन्मलेला चिनी मुलगा. शिष्यवृत्ती मिळवून तो १८९६ साली, म्हणजे मुंबईत प्लेग आला त्याच वर्षी, केंब्रिजला गेला आणि वैद्यक शिकून परतला. १९१० च्या डिसेंबरात मांचुरियातील हार्बिन गावी फुप्फुसाच्या प्लेगने माणसे पटापट मरू लागली, तेव्हा चिनी सरकारने या तरुण डॉक्टरास तिकडे धाडले. त्याने शवचिकित्सा केली आणि निष्कर्ष काढला की हा प्लेग उंदरांवाचून, माणसाच्या श्वासातून माणसाला जडतो. तेव्हा कापूस आणि जाळीदार कापडाची मुखपट्टी प्रत्येकाने बांधावी असा त्याने आग्रह धरला.

हार्बिनला त्या वेळी मेस्नी नावाचे एक फ्रेंच डॉक्टर आले. वयाने वडील, अनुभवाने मोठे, तिएन्त्सिनच्या वैद्यकीय विद्यालयात अध्यापक. केंब्रिजहून शिकून आलेल्या या चिनी पोराने आपल्याला मुखपट्टी शिकवावी हे त्यांना रुचले नाही. मुखपट्टी न बांधताच ते रोग्यांच्या खोलीत गेले, आणि काही दिवसांतच, जानेवारी १९११ मध्ये, त्याच प्लेगने वारले. मेस्नींना माहिती कमी होती काय? त्या गावात प्लेगविषयी त्यांच्याइतके पुस्तकी ज्ञान असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतील. उणीव ज्ञानाची नव्हती. हे ज्ञान आपल्याला कोण सांगतो आहे याचा अभिमान आडवा आला. मेस्नींच्या मृत्यूनंतर हार्बिनमध्ये मुखपट्टी न बांधणारा मनुष्य दिसेनासा झाला असे सांगतात. त्याच वर्षी चिनी नववर्षाचा सण तोंडावर होता, मजूर घरोघर परतणार होते. वू लिएन-ते यांनी रेल्वेचा प्रवास रोखण्यास लावला. एकशे नऊ वर्षांनी वूहानला नेमका हाच पेच पुन्हा पडावयाचा होता.

मधल्या काळातील मानमोडीची, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाची, हकीकत थोडक्यात सांगतो. ती पहिल्या महायुद्धाच्या जहाजांबरोबर मुंबईस उतरली आणि रेल्वेने देशभर पसरली. ज्या प्रांतांना तिने सर्वांत भयंकर तडाखा दिला त्यांत आपला तेव्हाचा मध्यप्रांत-वऱ्हाड अग्रभागी होता. त्यातच त्या साली पाऊस रुसला होता. साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली असे मानतात. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे, की ज्यात या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्या साथीला कायदा, छावणी, शिक्का, काहीच रोखू शकले नाही, कारण तिचे कारण तेव्हा कोणाला गवसलेच नव्हते. विषाणू नावाचा पदार्थ पाहावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. पुण्यास विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले ते १९५२ साली. तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था.

वूहान हे नाव २०२० पूर्वी आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावर नव्हते असे आपण समजतो. वस्तुतः विदर्भाचा त्या शहराशी संबंध जुना आहे. हांकौ, वूचांग आणि हानयांग या तीन गावांचे मिळून वूहान होते. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते हे सर्वांना ठाऊक आहे, व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर १९४६ साली चित्रपटच काढला. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे नागपुरातही फार थोड्यांना माहीत असते. हे पथक प्रथम हांकौला गेले आणि शहर जपान्यांच्या हाती पडण्यापूर्वी तिथल्या जखमींची शुश्रूषा त्याने केली. त्या वेळी आपले वैद्य तिकडे गेले. ऐंशी वर्षांनी आपली मुले वैद्यक शिकावयास तिकडेच गेली. काळाचे चाक असे फिरते.

मुले चीनला का गेली, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१९ साली आपल्या देशात वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेस पंधरा लाखांवर विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली होती, आणि जागा होत्या ऐंशी हजारांच्या आसपास. खासगी महाविद्यालयांचे शुल्क मध्यमवर्गीयाच्या आटोक्याबाहेर. चीनमधील शिक्षण त्या मानाने स्वस्त, इंग्रजीतून मिळणारे. म्हणून त्या सुमारास चीनमध्ये जे २३ हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते, त्यांतील २१ हजार वैद्यकाचेच होते. म्हणजे ती हौशी प्रवासी मंडळी नव्हती. घरच्या कर्जाचे ओझे डोक्यावर घेऊन गेलेली ती मुले होती, आणि त्यांच्या साथीच्या काळातील वागणुकीचा विचार करताना हे कर्ज विसरून चालणार नाही.

३१ डिसेंबर २०१९ रोजी वूहानच्या आरोग्य खात्याने न्यूमोनियाचे २७ रुग्ण असल्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्या दिवशी ली वेनलियांग या नेत्रवैद्याने आपल्या वैद्यकीय महाविद्यालयातील वर्गमित्रांना दूरध्वनीवरच्या गटात सावध केले होते. पहिली खबर निघाली ती अशी जुन्या सहाध्यायांच्या गप्पांतून, हे विशेष. पोलिसांनी त्याला अफवा पसरविल्याबद्दल समज दिली. ७ फेब्रुवारीस तो त्याच रोगाने वारला. रोग माणसापासून माणसास होतो हे चीनने उघडपणे मान्य केले २० जानेवारीस, आणि २३ तारखेस वूहानचे दरवाजे बंद झाले. नववर्षाचा सण २५ तारखेचा. सुट्टी लागल्यामुळे पुष्कळ विद्यार्थी आधीच निघून गेले होते. जे राहिले ते वसतिगृहाच्या खोलीत कोंडले गेले. रोज ताप मोजावयाचा, खोलीबाहेर पडताना मुखपट्टी बांधावयाची, विद्यापीठ पाठवील ते अन्न खावयाचे, आणि रात्री घरच्यांना सांगावयाचे की मी बरा आहे.

घरी परतलेल्यांपैकी केरळातील एक विद्यार्थिनी २४ जानेवारीस गावी पोहोचली. तिला काहीच होत नव्हते. तरी ती वूहानहून आली आहे हे तिने आरोग्य केंद्रास आपण होऊन कळविले आणि घरात वेगळी राहिली. २७ तारखेस घसा धरला, तेव्हा तिने तेही कळविले. रुग्णवाहिका आली, तिला इस्पितळात नेले, नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेला, आणि ३० जानेवारी २०२० रोजी भारतातील पहिला रुग्ण जाहीर झाला. २ आणि ३ फेब्रुवारीस आणखी दोघे निघाले, तेही केरळचे, तेही वूहानचे विद्यार्थी. राज्यात तीन हजारांवर माणसे देखरेखीखाली ठेवली गेली. फेब्रुवारी संपण्याच्या आत तिघेही बरे झाले. आणि मुख्य गोष्ट ही, की त्या तिघांपासून गावात दुसऱ्या कोणालाही रोग लागला नाही.

ही घटना वाटते तितकी साधी नाही. या मुलीच्या जागी १८९७ च्या पुण्यातला एखादा विद्यार्थी कल्पून पाहा. तो आपण होऊन कोणास कळविता ना. मग या मुलीने का कळविले? ती वैद्यक शिकत होती म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. मेस्नीही वैद्य होते. उरलेले अर्धे उत्तर केरळच्या आरोग्य खात्यात आहे. २०१८ च्या मे महिन्यात कोझिकोडला निपाह नावाच्या भयंकर रोगाची साथ आली होती आणि ती त्या खात्याने घरोघर विचारपूस करीत आटोक्यात आणली होती. त्यामुळे कळविल्यावर दाराशी कोण येईल हे त्या मुलीला ठाऊक होते. शिपाई येणार नाही, परिचारिका येईल, हा तो भरवसा. परदेशस्थ विद्यार्थ्यांना साथीची माहिती किती आणि ते काळजी किती घेतात, याविषयी त्या वर्षी जगभरच्या विद्यापीठांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या. हात धुता काय, मुखपट्टी बांधता काय, गर्दी टाळता काय? अशा प्रश्नांना शहाणा विद्यार्थी काय उत्तर देतो हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. जो प्रश्न विचारावयास हवा तो असा, की ताप आला तर तू कोणास सांगशील, आणि सांगितल्यावर तुझे काय होईल असे तुला वाटते?

१ आणि २ फेब्रुवारी २०२० रोजी एअर इंडियाच्या दोन विमानांनी वूहानहून ६४७ भारतीय आणि मालदीवचे सात नागरिक दिल्लीस आणले. त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. त्यांना मानेसरच्या लष्करी छावणीत आणि छावला येथील सीमा पोलिसांच्या छावणीत चौदा दिवस ठेवले. मानेसरला तोंडाला मुखपट्ट्या बांधून नाचणाऱ्या मुलांचे एक चलच्चित्र त्या दिवसांत घरोघर पाहिले गेले. काही गंभीर मंडळींना तो पोरकटपणा वाटला. मला विचाराल तर त्या नाचात बरेच शहाणपण होते; मुखपट्टीही सुटली नव्हती आणि तारुण्यही सुटले नव्हते. चौदा दिवस माणूस नियम पाळतो तो असाच पाळतो. प्लेगच्या छावणीत कोणी नाचल्याचे इतिहासाने नोंदविलेले नाही.

मार्च उजाडला आणि चित्र पालटले. ९ मार्चला पुण्यास दुबईहून परतलेले दोन रुग्ण सापडले. त्यानंतर अमेरिकेहून, इंग्लंडहून, जर्मनीहून, फिलिपिन्सहून हजारो विद्यार्थी घराकडे धावू लागले, कारण तिकडची वसतिगृहे बंद होत होती. १७ मार्चला फिलिपिन्स आणि मलेशियाकडून येणारी विमाने आपल्या सरकारने एकाएकी बंद केली, तेव्हा फिलिपिन्समध्ये वैद्यक शिकणारी आपली मुले क्वालालंपूरच्या विमानतळावर अडकली. पुढे त्यांच्यासाठी विशेष विमाने सोडावी लागली. २२ मार्चपासून परदेशची सारीच विमाने थांबली. जे राहिले त्यांना घरी आणणारी विमाने सुरू झाली ती ७ मे रोजी.

महाराष्ट्र सरकारने १६ मार्चला ठरविले की घरी वेगळे राहण्यास सांगितलेल्या माणसाच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारावयाचा. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात तशी न पुसणारी शाई. उद्देश चांगला होता. शिक्का मारलेला मनुष्य बाजारात हिंडू नये एवढाच. पण शिक्का बोलू लागला की माणसाचे बोलणे कोणी ऐकत नाही. त्याच आठवड्यात जर्मनीहून आलेल्या चौघांच्या हातावरचे शिक्के आगगाडीत सहप्रवाशांना दिसले आणि त्यांना पालघरला उतरविण्यात आले. त्यांनीही त्या गाडीने जावयास नको होते, हे खरेच. पण त्यांना उतरविल्यावर ते कोणत्या वाटेने घरी जातील याची चिंता डब्यातल्या किती जणांना होती? मरीआईचा गाडा आता रुळांवरून चालत होता. मुंबईच्या भिंतीवरची इंग्रजी अक्षरे आणि २०२० मधली हातावरची शाई यांत पाव शतक कमी दीड शतकाचे अंतर आहे, जात एकच. अशा शिक्क्याने भय उत्पन्न होते, आणि भयभीत विद्यार्थी पहिली गोष्ट करतो ती ही, की पूर्ण बाहीचा सदरा घालतो.

आपल्याकडे शिकावयास आलेल्या परक्या मुलांची कथा आणखी वेगळी. पुण्यात आफ्रिकेतून आणि पश्चिम आशियातून आलेले विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले आहेत. टाळेबंदी लागली तेव्हा गावोगावची मुले घरी गेली, खाणावळी बंद झाल्या, आणि ही मुले भाड्याच्या खोल्यांतून अडकून पडली. त्यांना जायला विमान नव्हते आणि गावाकडून पैसे येण्याचा मार्गही कठीण झाला होता. ईशान्येकडील आपल्याच देशातील विद्यार्थ्यांना तर चेहऱ्यावरून रोगाच्या नावाने हाका मारण्यात आल्या. केंद्र सरकारला २१ मार्चला राज्यांना पत्र लिहून हे प्रकार थांबवावयास सांगावे लागले. एका खोलीत तिघे राहणाऱ्या मुलाला ताप आला तर त्याने वेगळे कोठे राहावे? सूचनापत्रकात लिहिलेले असते, स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र स्नानगृह. ते पत्रक लिहिणाराने विद्यार्थ्याची खोली बहुधा पाहिलेली नसते.

आणि आपण कामठ्याची मंडळी? गोंदिया जिल्ह्यात मार्च २०२० च्या अखेरीस जो पहिला रुग्ण निघाला, तो परदेशाची सहल करून आलेला तरुण होता. तो बरा झाला आणि नंतर कित्येक आठवडे जिल्ह्यात शांतता राहिली. मे महिन्यात मुंबई-पुण्याकडून मजूर परतू लागले तेव्हा रुग्ण पुन्हा सापडले. देवरीच्या महामार्गाने छत्तीसगडकडे पायी निघालेल्या माणसांच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. त्या दिवसांत विदर्भातल्या गावागावांच्या शिवेवर बांबू आडवे पडले, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून परतलेल्या माणसांना चौदा दिवस ठेवण्यात आले. शाळेच्या खोलीत गावचाच मुलगा, दाराबाहेर त्याची आई डबा ठेवून जाणारी. ज्या गावांनी डबा वेळेवर पोहोचविला त्या गावांतली माणसे चौदा दिवस राहिली. जिथे नुसताच बांबू आडवा टाकला तिथे लोक रात्री शेतांतून घरी गेले. बांबू बांधणे सोपे असते. डब्याची व्यवस्था लावणे हे खरे प्रशासन, आणि ते पुष्कळ ठिकाणी सरपंचांनी, आशा सेविकांनी आणि अंगणवाडीच्या बायांनी केले. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात येणार नाहीत.

चीनहून परतलेल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. चीनने विद्यार्थ्यांना पुन्हा प्रवेशपत्रे देण्यास आरंभ केला तो २०२२ च्या ऑगस्टात. म्हणजे अडीच वर्षे ही मुले घरी बसून, दूरध्वनीच्या पडद्यावर, शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रिया शिकली. मृतदेहावर हात न ठेवता आणि रोग्याची नाडी न पाहता. त्यामुळे त्यांच्या पदवीविषयी शंका निघाल्या, परत आल्यावर अधिक काळ उमेदवारी करण्याची अट आली, आणि घरच्या कर्जाचे हप्ते काही थांबले नाहीत. नियम पाळल्याबद्दल या मुलांना कोणी शाबासकी दिली असेल तर ती माझ्या पाहण्यात नाही.

केरळातील ती पहिली विद्यार्थिनीही अशीच घरी शिकत राहिली. जुलै २०२१ मध्ये अभ्यासासाठी दिल्लीस जावयाचे म्हणून प्रवासापूर्वी तिने आपली तपासणी करून घेतली. ताप नव्हता, खोकला नव्हता, कसलेच लक्षण नव्हते. निकाल आला तो पुन्हा बाधित असल्याचा. दिल्लीचे जाणे राहिले, आणि ती दुसऱ्यांदा घरात वेगळी राहिली.